उजगरे बाईंची खुर्ची

उजगरे बाई वर्गात खुर्चीवर कधीच बसल्या नाहीत. आल्या त्या पहिल्या दिवशी त्यांनी ऑफिसातली एक जुनी हाताची खुर्ची स्वतः उचलून आमच्या वर्गात आणली, फळ्याशेजारी भिंतीला लावून ठेवली आणि पदराने पुसली. आम्ही सहावीची पस्तीस पोरंपोरी गप्प बसून बघत होतो. नव्या बाई आता बसणार, मग नावं विचारणार, मग छडी कुठे असते ते विचारणार, असा आमचा अंदाज होता. बाई उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "ही खुर्ची माझी नाही. ही साक्षीदाराची. ज्याला काही सांगायचं असेल त्याने इथे बसून सांगायचं, आणि बाकीच्यांनी त्याला विचारायचं."

"काय इचारायचं?" नामाने विचारलं. नामा हा आमच्यातला सगळ्यात धीट आणि अभ्यासाला सगळ्यात कमी शिवणारा मुलगा.

"एवढंच. पाहिलंस, की ऐकलंस?"

त्या दिवशी सकाळी एक गंमत झाली होती. ज्या एसटीने बाई आल्या, तिच्यासमोर शाळेच्या दारातच एक म्हैस रस्त्यात बसली आणि काही केल्या उठेना. आम्ही सगळ्यांनी कुंपणाशी उभं राहून तो तमाशा बघितला होता. बाईंनी वह्या काढायला लावल्या आणि जे घडलं ते पाच ओळींत लिहायला सांगितलं. मग एकेकाला खुर्चीवर बसवून वाचायला लावलं. कुणाच्या वहीत ड्रायव्हरने म्हशीला शिवी दिली होती, कुणाच्या वहीत कंडक्टरने. कुणाची म्हैस हॉर्नने उठली होती, कुणाची शेपूट पिरगाळल्यावर. नामाची म्हैस मेली होती. खरी म्हैस त्या वेळी समोरच्या हौदावर पाणी पीत होती.

आम्ही हसून लोळायचे बाकी होतो. बाई मात्र गंभीर होत्या. "आज सकाळची म्हैस आहे ही. पस्तीस जणांनी डोळ्यांनी पाहिलेली. तिच्याबद्दल तुमचं एकमत होत नाही. आणि मला तुम्हाला तीनशे वर्षांपूर्वीची लढाई शिकवायची आहे. तेव्हा आपण जरा जपून बोलत जाऊ."

इतिहास म्हणजे सनावळ्या आणि लढाईची पाच कारणं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. आधीचे गुरुजी पुस्तक उघडून एका मुलाला वाचायला लावायचे आणि स्वतः डुलकी काढायचे. त्या डुलकीची आम्हाला इतकी सवय झाली होती की बाईंच्या तासाला झोप येत नाही म्हणून पहिले काही दिवस आम्ही त्यांच्यावर नाराजच होतो.

आमचं गाव सोनईपासून अडीच कोसांवर. बाई नगरच्या. वडील मिशनच्या शाळेत मास्तर, आजोबाही मास्तर. "आमच्या घरात तीन पिढ्या खडूच खातोय," असं त्या म्हणायच्या. चाळिशीच्या असतील तेव्हा. उंच, काटकुळ्या, फिकट रंगाचं सुती लुगडं, चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला काळा दोरा आणि बाराही महिने हातात छत्री. लग्न केलेलं नव्हतं. आमच्या आळीत एका खोलीत एकट्या राहायच्या आणि दर रविवारी सोनईला उपासनेला चालत जायच्या. गावाने आधी त्यांना 'मिशनच्या बाई' म्हणून जरा लांबच ठेवलं. माझी आई मात्र पहिल्याच आठवड्यात त्यांना भाकरी आणि ठेचा देऊन आली. शेजारणीने नाक मुरडल्यावर तिला म्हणाली, "बाई देवमाणूस हाय. देव येगळा असला म्हनून काय झालं?"

वर्गात बाई देवाचं नाव काढत नसत. कुणी शपथ घ्यायला लागला की त्याला थांबवत. "माझा देव नको आणि तुझाही नको. त्यांना कशाला त्रास? तू काय पाहिलंस तेवढं सांग."

त्यांची आणखी एक पद्धत होती, तिने आमच्या मोठ्या गुरुजींना, म्हणजे हेडमास्तरांना, घाम फुटला होता. परीक्षेत एखादं उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही' असं स्वच्छ लिहिणाऱ्याला बाई अर्धे गुण द्यायच्या. थापा मारणाऱ्याला शून्य. नामाने हे ऐकलं आणि सहामाहीला दहाच्या दहा प्रश्नांपुढे 'माहीत नाही' लिहून पेपर दिला. पन्नास टक्के घेऊन पास व्हायचा बेत होता. बाईंनी त्याला खरोखर अर्धे गुण दिले. मग दहा प्रश्नांचा कागद त्याच्या हातात ठेवून म्हणाल्या, "आता प्रत्येक प्रश्नापुढे असं नाव लिहून आण, की ज्याला हे माहीत असेल. गावात फिर, विचार." नामा आठ दिवस गावभर हिंडला. तलाठ्यापासून वारकाच्या केस कापायच्या दुकानापर्यंत सगळ्यांना त्याने छळलं. नवव्या दिवशी त्याला दहाही उत्तरं तोंडपाठ होती आणि आपण फसवले गेलो हे त्याला दिवाळीपर्यंत कळलं नाही.

एकदा त्यांनी मला घरून चऱ्हाट आणायला सांगितलं. लांबलचक, जाडजूड. मी अण्णांना, म्हणजे वडिलांना, न विचारता गोठ्यातलं उचलून आणलं. बाईंनी त्याचं एक टोक पटांगणातल्या कडुलिंबाला बांधलं, दुसरं झेंड्याच्या खांबाला. म्हणाल्या, "एक हात म्हणजे दहा वर्षं. खांबापाशी आजचा दिवस. आता मागे मागे जायचं." आम्ही हात मोजत गेलो. नगरच्या किल्ल्याचा पाया लिंबाच्या बुंध्यापाशी आला, तिथे नामाला उभं केलं. रायगडावरचा राज्याभिषेक, किल्ल्यावरचं इंग्रजांचं निशाण, सगळ्यांना जागा मिळाल्या. स्वातंत्र्य तर खांबापासून अडीच हातांवर निघालं. मला माझ्या स्वतःच्या जन्माच्या जागी उभं केलं होतं. माझी पाठ खांबाला टेकत होती.

"आता दोराकडे बघा," बाई म्हणाल्या. "मधे केवढी जागा रिकामी आहे. तिथे कोणीच नव्हतं का? होतं. नांगर धरणारे होते, पोरं सांभाळणाऱ्या होत्या. त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनी कोणाला सांगितलं नाही, म्हणून तिथे कोणी दिसत नाही." मी त्या रिकाम्या चऱ्हाटाकडे बघत राहिले आणि मला का कोण जाणे, रडूच आलं. तेवढ्यात अण्णा बैल मोकळा सुटला म्हणून चऱ्हाट शोधत शाळेत आले. इतिहास सोडून देऊन आम्हाला ते परत करावं लागलं.

आमच्या आळीत राहीआजी होती. नव्वदीला टेकलेली, दात नाहीत, नजर अधू, पण बोलणं खणखणीत. बाईंनी तिला साक्षीदार म्हणून वर्गात बोलावलं. ती आली, पण खुर्चीवर बसेना. "मास्तरनीम्होरं खुर्चीवर बसू व्हय मी?" म्हणत ती खाली फरशीवरच बसली. मग बाईही तिच्यासमोर खालीच बसल्या. राहीआजी तिच्या लहानपणीच्या दुष्काळाचं सांगायला लागली. "पान्याचा थेंब न्हवता. तरवट्याचा पाला शिजवून खाल्ला आमी. आईसंगं सोनईच्या रस्त्याला खडी फोडली. माजा धाकला भाऊ तिथंच गेला, रस्त्याच्या कडंला."

नामाने नेमानुसार हात वर केला. "आजी, तरवट्याचं तुमी पायलं का ऐकलं?"

"आरं मुडद्या, खाल्लं म्हनते न्हवं?"

त्या दिवशी बाई आम्हाला घेऊन सोनईच्या रस्त्यावर गेल्या. रोजचाच रस्ता, ज्याच्यावरून एसटी यायची. बाईंनी कडेचा एक खडा उचलून प्रत्येकाच्या हातात फिरवला. पुस्तकात या रस्त्याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. परत आल्यावर आम्ही वहीत लिहिलं: 'हा रस्ता राहीबाईच्या आईने व इतर लोकांनी केला. सांगणार: राहीबाई. तिने स्वतः पाहिले.' मी सातवीत गेले तोवर अशा नोंदींच्या आमच्या तीन वह्या भरल्या होत्या. विहिरी कुणी खोदल्या, पहिली सायकल कुणी आणली, पटकीच्या साथीत कोण कोण गेलं, सगळं होतं त्यात.

मग आमच्यावरच पाळी आली. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला. विहिरी तळाला गेल्या, बाजरी वीतभर वाढून करपली. अण्णा बैल जगवायला राहुरीकडे छावणीवर गेले, आणि आई व मी दुष्काळी कामावर. काम कुठलं, तर त्याच सोनईच्या रस्त्याचं. तो रुंद करायचा होता. मुकादमाने माझं वय विचारलं. आईने डोळ्याची पापणी न हलवता "सोळा" सांगितलं. मी बारा संपून तेरावं लागलेली. मुकादमाने माझ्याकडे एकदा बघितलं, राहू दे म्हणाला आणि मस्टरवर 'कौसल्याबाई' असं नाव चढवलं. जन्मात पहिल्यांदा मला कोणी बाई म्हटलं होतं.

आमचा अर्धा वर्ग तिथेच होता. नामा, शेवंता, सगळे. बोटांना चिंध्या बांधून आम्ही दगड फोडायचो. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन पोटात दगड पडल्यासारखं व्हायचं. शाळेचा विषय घरात निघत नव्हता. मला ते फार लागायचं. सातवीची परीक्षा तेव्हा सोनईच्या केंद्रावर जाऊन द्यावी लागे, आणि एक महिना सलग गैरहजर राहिलं की पटावरून नाव कमी होई. नाव गेलं की परीक्षा गेली, आणि परीक्षा गेली की माझं लग्न ठरणार हे मला पक्कं ठाऊक होतं. आत्याने मुलगाही हेरून ठेवला होता.

साधारण आठवडा झाला असेल. दुपारच्या सुट्टीत आम्ही बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसलो होतो, तर रस्त्यावरून छत्री येताना दिसली. बाई सकाळची शाळा आटोपून तीन मैल उन्हात चालत आल्या होत्या. त्यांनी खडीच्या ढिगाऱ्यावर पदर टाकला, बसल्या आणि म्हणाल्या, "काल कुठपर्यंत आलो होतो आपण?" जसं काही आम्ही काल वर्गातच होतो. आई कळशी घेऊन धावली. बाई तिला म्हणाल्या, "पोरांची नावं पटावर राहतील. ते माझ्यावर सोपवा."

"कसं काय रातील, बाई?" आईने विचारलं.

"ते माझ्यावर सोपवा म्हटलं ना."

ढिगाऱ्यावरच्या त्या तासांनी मला जे शिकवलं, ते पुढे कुठल्याच वर्गाने शिकवलं नाही. नागरिकशास्त्रातला ग्रामपंचायतीचा धडा बाईंनी मुकादमालाच समोर बसवून घेतला. काम मंजूर कोण करतं, मस्टर कोण तपासतं, मागणी कुणाकडे करायची, हे आम्ही त्याला विचारायचं आणि त्याने सांगायचं. तो बिचारा आधी गडबडला, मग रंगात आला आणि शेवटी त्याच्या वरच्या साहेबाबद्दल जे बोलला ते बाईंनी वहीत लिहू दिलं नाही. एके दिवशी त्या म्हणाल्या, "राहीआजीला आपण विचारलं, म्हणून कळलं. तुम्हाला विचारायला कोणी येईल की नाही, कोण जाणे. त्याची वाट कशाला बघायची? आजच लिहून ठेवा. काय खाल्लं, किती ढिगारे झाले, हाताला काय झालं. फुगवून नको आणि लपवूनही नको." मी रोज चार ओळी लिहायला लागले. बोटं सुजलेली असायची, अक्षर कोंबडीच्या पायासारखं यायचं, पण लिहायचे.

माघातली गोष्ट. मोठ्या गुरुजींचा निरोप आला की उद्या शिक्षणखात्याचे डिपोटी साहेब तपासणीला येणार, सगळ्या पोरांनी अंघोळ करून शाळेत हजर राहायचं. आम्ही एक दिवस काम बुडवून गेलो. अंघोळ कसली, पाणी होतं कुठे, ओल्या फडक्याने तोंडं पुसली. पण वर्गात पाय टाकला आणि मला जत्रेला आल्यासारखं झालं.

साहेब वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगते. चांगले शांत, पन्नाशीचे, पोरांना "बाळ" म्हणणारे. त्यांनी इतिहासाचे प्रश्न विचारले आणि आमची उत्तरं ऐकून चकितच झाले. नामाने तर त्यांनाच विचारलं, "सायेब, हे तुमी वाचलेलं हाय का कुनी सांगितलेलं?" मोठे गुरुजी पांढरेफटक पडले. साहेब मात्र खो खो हसले. मग त्यांचं लक्ष त्या रिकाम्या खुर्चीकडे गेलं. ती कशासाठी हे बाईंनी सांगितलं. साहेबांना मोठी मौज वाटली. हजेरीपत्रक चाळत असतानाच त्यांची नजर पहिल्या बाकावर माझ्या हातांवर गेली.

"बाळ, बोटांना काय झालं?"

"खडी लागली, सायेब."

साहेबांनी हजेरीपत्रकात माझं नाव शोधलं. माझ्या नावापुढे अख्खा महिना हजेरी होती. त्यांनी पान उलटलं, मागचं पाहिलं. तिथेही तेच. मग पत्रक मिटून अगदी गोड आवाजात म्हणाले, "ये, बस बरं त्या साक्षीदाराच्या खुर्चीवर."

मी बसले. त्या खुर्चीवर बसून दीड वर्षात आमच्यापैकी कोणी खोटं बोललं नव्हतं. नामासुद्धा नाही. मी बाईंकडे पाहिलं. त्या भिंतीशी उभ्या होत्या आणि कुणीही खुर्चीवर बसलं की जशा बघायच्या, तशाच माझ्याकडे बघत होत्या, ऐकायला तयार. त्यांनी मान हलवली असती, डोळे वटारले असते, तरी मी समजले असते. त्यांनी काहीही केलं नाही.

"गेल्या महिन्यात किती दिवस शाळेत आलीस?"

"येकबी दिवस न्हाई, सायेब. मी रस्त्यावर हुते, आईसंगं."

मोठे गुरुजी खोकले. साहेबांनी हजेरीपत्रक बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे बाई तिकडे येऊन तुमचा वर्ग घेतात. रोज घेतात, असंच ना?"

आज मला दिसतं की त्या माणसाने दार उघडून धरलं होतं. 'हो' म्हटलं असतं, तर बाहेर भरलेला वर्ग म्हणून त्यांनी शेरा मारला असता आणि पुढच्या गावी निघून गेले असते. तेरा वर्षांच्या मला ते दार दिसलं नाही. मला फक्त प्रश्न दिसला, आणि प्रश्नाला नेमकं उत्तर द्यायचं असतं हे मला उत्तम शिकवलेलं होतं.

"रोज न्हाई, सायेब. बाजारच्या दिवशी न्हाई येत. शनवारी बी न्हाई. आन मागल्या आठवड्यात बाईंना ताप हुता, तवा तीन दिवस न्हाई आल्या." वर आणखी म्हणाले, "मी लिवून ठेवलंय." आणि दप्तरातून वही काढून त्यांच्या हातात दिली.

साहेबांनी वही चाळली. हजेरीपत्रक पुन्हा उघडलं. बाजारचे दिवस, शनिवार, तापाचे तीन दिवस. सगळ्या चौकोनांत हजेरी होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग बाईंना आणि गुरुजींना घेऊन ऑफिसात गेले आणि दार लोटून घेतलं. शेवंता माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "कौशे, काय केलंस गं तू?" तेव्हा कुठे मी काय केलं ते मला कळलं.

पंधरा दिवसांत बाईंची बदली झाली. जामखेडच्याही पलीकडे, जिथे एसटीही दिवसाआड जायची अशा गावी. आमची नावं मात्र पटावरून गेली नाहीत. फॉर्मही भरले गेले. मी सोनईला परीक्षा दिली, पास झाले आणि आत्याने हेरलेला मुलगा टळला. पुढे मॅट्रिक झाले, राहुरीला एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले, तिथेच निवृत्तही झाले. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या पटावर राहिलेल्या नावावर उभं आहे. ते नाव कसं राहिलं, हे मला वीस वर्षं ठाऊक नव्हतं.

सांगितलं मोठ्या गुरुजींनी. एका लग्नात भेटले, खूप म्हातारे झाले होते. जेवणं झाल्यावर म्हणाले, "तुला माहीत नाही ना त्या दिवशी ऑफिसात काय झालं ते? साहेबाला बाईंचं नुकसान करायचं नव्हतं. तो म्हणाला, बाई, पोरगी घाबरून भलतंच बोलली, वहीत मनचंच लिहिलंय, असं दोन ओळीत लिहून द्या. मी सही करतो आणि जातो. मीही बाईंना हात जोडले. तर बाई म्हणाल्या, ती खरं बोलली. मी खोटं लिहिलंय. मी लिहिलेलं मी कबूल करते, पण त्या पोरीला खोटी पाडून मला या शाळेत राहायचं नाही. नावं तेवढी पटावर ठेवा, त्यात पोरांचा काही दोष नाही. मग बसल्या आणि स्वतःच्या हाताने सगळं लिहून दिलं. साहेबाने नावं पटावर राहू दिली. बाईंची बदली त्याच्या हातात राहिली नाही."

वीस वर्षं मी धरून चालले होते की बाई माझ्यावर रागावल्या असणार. म्हणून पत्र लिहिलं नाही, म्हणून शोधलं नाही. जामखेड काही विलायतेत नव्हतं. मनात आणलं असतं तर एका दिवसात जाऊन येता आलं असतं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

गुरुजी भेटले त्या लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात मी निघाले. जामखेडहून पुढे त्या गावी पोचले. शाळेसमोरच्या हॉटेलवाल्याने नाव ऐकून कपबशी खाली ठेवली. "उजगरे बाई? आमच्याकून गावच्या तळ्याचा समदा इतिहास लिहून घेतल्ता त्येंनी. नापास करत नव्हत्या, पन झोपू बी देत नव्हत्या." निवृत्त होऊन त्या नगरला गेल्या, एवढं त्याला माहीत होतं. नगरमध्ये विचारत विचारत घर सापडलं. दार त्यांच्या भाचीने उघडलं. बाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. भाचीने चहा केला, चांगली बोलली. मी धीर करून विचारलं, बाई कधी माझं नाव काढायच्या का. तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही हो. शाळेचं खूप सांगायच्या, पण नावं घेऊन नाही." त्याचं मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. बाईंच्या घरात कुणी मला बरं वाटावं म्हणून काही रचून सांगावं, हे शोभलं नसतं.

शेवटची भेट सांगायची राहिली. ती सांगायला जड जाते, म्हणून मागे ठेवली.

बाई गेल्या त्या दिवशी आम्ही रस्त्यावर कामाला होतो. त्यांना निरोप द्यायला मी एसटीच्या थांब्यावर गेले नव्हते. आईने दोनदा म्हटलं, मी ऐकलं नाही. दुपारी एसटी आली आणि आमच्या ढिगाऱ्यांपाशी येऊन थांबली. बाईंनी थांबवायला लावली होती. त्या उतरल्या, पोरांशी बोलल्या, आईशी बोलल्या. नामा रडत होता, त्याला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. मग त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. मला त्यांच्या चपला दिसत होत्या, एकीचा अंगठा तारेने शिवलेला. मी हातोडा चालवत राहिले.

"कौसल्या," त्या म्हणाल्या. "वर बघ."

माझं तोंड धुळीने आणि रडण्याने माखलेलं होतं. आपण बाईंचं वाटोळं केलं, आता त्यांच्या डोळ्यांत काय दिसेल, या भीतीने माझी मान उचलेना. मी एक दगड फोडला, दुसरा घेतला. बाई खाली वाकल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बघ ना गं," पुन्हा म्हणाल्या. कंडक्टरने घंटी मारली. हात थोडा वेळ तसाच राहिला, मग निघाला.

एसटीचा आवाज पार विरला, तेव्हा मी मान वर केली. आई माझ्याशेजारी उभी होती, पदराने डोळे पुसत.

"वळनापतुर खिडकीतून बघत हुत्या तुज्याकडं," ती म्हणाली. "येकदा तरी बघायचं हुतंस."

आता आईही नाही. मी सत्तरीकडे चालले आहे. आयुष्यात चुका पुष्कळ झाल्या, त्यांची खंत करत बसायचा माझा स्वभाव नाही. साहेबांना मी खरं सांगितलं, त्याचीही मला खंत नाही, बाईंनीच ती राहू दिली नाही. पण त्यांनी दोनदा म्हटल्यावर मी वर बघायला हवं होतं.